हाताला आराम पडू द्यायचा न्हाई

नसरापूर ते वेल्हे या रस्त्यावर माझी जीप धावायची तेव्हा तोरणा आजच्यापेक्षा उंच होता. हसू नका. माझ्या गाडीच्या हादऱ्यांनी तो वर्षाला वीतभर खचत गेला, असं वेल्ह्यातली जुनी माणसं अजून सांगतात. सांगत नसतील तर विसरली असतील. गाडी कागदावर नऊ-दहा माणसांची. मी मात्र मागचं दार नीट लागलं की गाडी रिकामी आहे असं समजायचो आणि आणखी चौघांना हाक मारायचो. आत बसलेल्यांपेक्षा बाहेर लोंबकळणारे जास्त असायचे. कुणी मागच्या लोखंडी दांड्याला, कुणी टपावरच्या कॅरेजला, कुणी ज्यानं दांडा धरलाय त्याच्या सदऱ्याला. एकदा तर नवरदेव टपावर आणि त्याची आत्या आत, अशी वरात नेली मी. नवरदेव म्हणाला, आतल्यापेक्षा वर हवा बरी. बिचाऱ्याला पुढं आयुष्यभर आतच बसायचं होतं.

नव्वदचं दशक संपत आलेलं. खिशात मोबाईल नव्हते, त्यामुळं कोण कुठं पोचलं हे सांगायचं कामसुद्धा माझ्याच गाडीकडं होतं. निरोप, डबे, भाताचं बियाणं, रुसलेल्या सुना, सगळं त्याच भाड्यात जायचं. त्या दिवसांची आठवण आली की माझ्या डाव्या हाताच्या कोपरात बारीक ओढ लागते. लोकांच्या आठवणी काळजात असतात म्हणतात. माझी कोपरात आहे आणि त्याचं कारण सांगतो.

उन्हाळ्याच्या तोंडाची लग्नसराई. एक वऱ्हाड घेऊन पाबे घाटातून पानशेतकडं निघालो होतो. तो तेव्हाचा रस्ता. काहीतरी म्हणायला पाहिजे म्हणून त्याला रस्ता म्हणायचे. अर्ध्या चढाला इंजिननं अशी वाफ सोडली की मागच्या बायकांनी पदर तोंडाला लावले. नवऱ्या मुलाचे मामा पुढं बसलेले. मुहूर्ताची सगळी काळजी देवानं त्यांच्याच डोक्यावर ठेवलेली.

"अवो डायवर, बघताय काय? टोपण काढा, पाणी वता, चला!"

"मामा, जरा थंड होऊ द्या. आत लई राग हाय तिच्या."

"तिचा राग ऱ्हाऊ द्या, हितं नवरीचा बाप रागावंल!"

उजव्या हातानं बॉनेट वर धरलं, डाव्या हातात ओलं फडकं घेतलं आणि रेडिएटरचं टोपण फिरवलं. पुढं काय झालं ते पानशेतच्या धरणावरून दिसलं असणार. पाणी जे वर उडालं ते सगळं अजून खाली आलेलं नाही. जे आलं ते वाफेसकट माझ्या डाव्या हातावर, कोपराच्या खाचेपासून मनगटाच्या अलीकडंपर्यंत. मी ओरडलो की नाही मला आठवत नाही. मामा मात्र ओरडले, आणि लग्न लागेपर्यंत ओरडतच होते, असं कळलं.

आधी भोरला नेलं, तिथून पुण्याच्या मोठ्या दवाखान्यात. तिथं भाजलेल्या जागेवर केळीचं पान बांधायचे, वाफेत शुद्ध केलेलं, मऊसूत. ते जखमेला चिकटत नाही, काढताना नवी कातडी ओढून काढत नाही. फार गुणाची गोष्ट. पण वेल्ह्याहून भेटायला आलेल्या पाहुण्यांनी माझा हात पाहिला आणि एकानं लगेच विचारलं, "पान तर मांडलंय, वाढणार कवा?" भाजलेल्या माणसाला हसवू नये. कातडी ताणली जाते.

जखम भरली. घरी जायचा दिवस. मी औषधाच्या खिडकीपुढं रांगेत होतो आणि आई आत व्यायामाच्या डॉक्टरीणबाईंपुढं बसली होती. बाई तरण्या, बोलणं टाइपरायटरसारखं टकटकीत, आणि बाहेर पेशंटची गर्दी. मी रांगेतून आलो तोवर आई पिशवी काखेत मारून दारात उभी. तोंड असं, की समोरचा रखवालदार आपोआप सरळ उभा राहिला.

"चल. हितं पुन्यांदा पाय ठिवायचा न्हाई."

"काय झालं?"

"एस्टीत सांगते."

एस्टीत स्वारगेटपासून कात्रजपर्यंत ती गप्प बसली. ही तिची आयुष्यातली सर्वांत लांब शांतता. बोगद्यातला अंधार आला तेव्हा तिला तोंड फुटलं.

"ती बाई मला तोंडावर म्हनली, तुमच्या मुलाच्या हाताला आराम पडू द्यायचा न्हाई."

"असं म्हणली?"

"माज्या ह्या कानांनी आयकलं. काय वाकडं केलंस रं तू तिचं?"

"मी काय करणार? आजच पहिल्यांदा पाहिली तिला."

"नसरापूरच्या नाक्यावर उभी ठिवून गेला असशील कवातरी, गाडी भरलीय म्हणून. आठव!"

आणि मी खरंच आठवायला लागलो. कारण नाक्यावर मी उभं ठेवलेल्यांची संख्या पुण्याच्या लोकवस्तीएवढी होती.

आता इथं एक गोष्ट फोडून सांगतो. आमच्या खोऱ्यात आराम म्हणजे बरं वाटणं. तापातून उठलेल्याला कुणी 'बरे झालात का' विचारत नाही. 'आराम पडला का' विचारतात. डॉक्टरीणबाईंचा आराम पुण्याचा होता, खाटेवर लोळायचा. त्या म्हणाल्या होत्या, हाताला आराम द्यायचा नाही, रोज सरळ करायचा, दुखलं तरी करायचा. आईच्या कानात पहिलं वाक्य शिरलं आणि मागच्या वाक्यांसाठी दार बंद झालं. माझ्या गाडीचं दार कधी एवढं पक्कं लागलं नाही.

घरी आल्यावर मायलेकांनी चंग बांधला: त्या बाईच्या नाकावर टिच्चून हाताला आराम पाडायचा. आईच्या जुन्या लुगड्याची मऊ झोळी गळ्यात, तीत हात कोपरात वाकवून ठेवलेला. तसा ठेवला की गोड वाटायचं. जरा सरळ केला की कोपराच्या खाचेत कुणी चिमटा लावल्यासारखं व्हायचं, मग लगेच आई, "नगं नगं, ठीव झोळीत!" वेळच्या वेळी शिरा यायचा. पुढच्या तपासणीची तारीख आली आणि गेली. माझी बायको एकदा चुलीपाशी बसल्या बसल्या म्हणाली, "डाक्टर असं कशाला म्हणंल? कायतरी चुकतंय." आईनं तिच्याकडं पाहिलं. बायकोनं चुलीकडं पाहिलं. विषय संपला.

दोन-अडीच महिन्यांत कोपराच्या खाचेत एक दोरी उभी राहिली. लाल, जाड, बैलाच्या कासऱ्यासारखी, आणि अशी खाजरी की मी भिंतीला घासून घासून कोपऱ्यातला गिलावा काढला. हात काटकोनात वाकला तो वाकलाच. लांबून पाहणाऱ्याला वाटायचं, मी त्याला चहाला बोलावतोय. त्या दिवसांत उगाच बरीच माणसं चहाला आली. बाजारात बायका माझ्या हाताला पिशव्या अडकवून चालू लागायच्या. मीही हसायचो. हात दुखत नव्हता ना, मग आराम पडलाच की!

मग एके सकाळी जीपवर बसलो. नाक्यावर माणसं भरली, बाहेरचे लोंबकळले, सगळ्यांची मला नावं ठेवून झाली म्हणजे गाडी सुटायची वेळ झाली. किल्ली फिरवली. क्लच दाबला. डावा हात गियरच्या दांडीकडं नेला.

त्या जुन्या जीपचा पहिला गियर चालकापासून सगळ्यात लांब, डावीकडं सरकवून मग पुढं रेटायचा. दांडीला हात लागला. मागं ओढायचे गियर पडत होते. पहिला मात्र वीतभर लांब राहिला. पुढं वाकलो तर छाती स्टिअरिंगला. ताकद लावली तर कोपरातली दोरी ताठ. मागून आवाज आला, "काय ओ, पेट्रोल टाकायला इसारला का?"

"डिझेलवर चालती ती," मी म्हणालो खरा. मला दुसरं काही येत नव्हतं हो. शेती म्हणावी तर बांधाएवढी, आणि तो बांधही भावकीत वादाचा. माझ्याकडं होता तो हा रस्ता आणि हा हात. पहिला गियर पडेना म्हणजे मी नसरापूरच्या नाक्यावर उभा राहिलेला एक माणूस, दुसऱ्याच्या गाडीची वाट बघणारा.

त्यावर मी जी युक्ती काढली ती ऐकून इंग्लंडमध्ये गाड्या बनवणाऱ्यांनी टोप्या काढल्या असत्या. पुढच्या सीटवर बसेल त्यानं पहिला गियर टाकायचा. मी क्लच दाबून ओरडायचो, "घाला पयला!" आणि पॅसेंजर घालायचा. पंधरा दिवसांत त्या खोऱ्यातल्या निम्म्या जनतेला पहिला गियर टाकता यायला लागला. कोंबड्यांची पाटी मांडीवर घेतलेली एक म्हातारी तर अशी तरबेज झाली की पुढची सीट तिच्यासाठी राखून ठेवावी लागायची. डावा हात पाटीवर, उजवा दांडीवर. ती दुसऱ्या गाडीत बसली की त्या चालकालाही गियर टाकून द्यायची, न मागता.

पण एक दिवस पुढं बसले एक निवृत्त मास्तर. मार्गासनीच्या पुढं चढाला बैलगाडी आडवी आली, थांबावं लागलं. बैलगाडी गेली.

"घाला पयला!"

"पहिलाच का?" मास्तर म्हणाले. "आपण दुसऱ्यात होतो ना?"

"मास्तर, आदी घाला, मग इचारा!"

मास्तरांनी घातला. कोणता घातला ते त्यांनाच ठाऊक, पण मी क्लच सोडला आणि जीप मागं निघाली. ब्रेकवर उभा राहिलो. गाडी इतकी भरलेली की ब्रेकनं माझ्याकडं नुसतं दयेनं पाहिलं. मागं लोंबकळणाऱ्यांनी पिकलेल्या जांभळांसारख्या टपाटप उड्या टाकल्या. जीप रस्ता सोडून खाचरात उतरली आणि चिखलात बसली. कुणाला खरचटलंसुद्धा नाही. कोंबड्यांचं सांगता येत नाही.

मागच्या सीटवर माझी बायको होती, आमच्या धाकट्या पोरीला मांडीवर घेऊन. ती उतरली, पोरीच्या अंगावरून हात फिरवला, पुन्हा एकदा फिरवला आणि माझ्याकडं न बघता चिखलातून रस्त्यावर गेली. शिव्या दिल्या असत्या तर मी जगलो असतो.

दुसऱ्या दिवशी जीप ओढत भोरला मिस्त्रीकडं नेली. ते माझे लहानपणापासूनचे दोस्त. त्यांच्या घरी ईदचा शीरखुर्मा मी स्वतःच्या हक्काचा समजून खायचो. त्यांनी गाडीखालून डोकं काढून आधी जीपकडं आणि मग माझ्या हाताकडं पाहिलं.

"गाडीला काय झालं न्हाई. तुलाच कामाला घ्यावं लागंल. आन इकडं." कोपर हलवून पाहिलं. "जाम हाय. सोड. दांडी गरम करतो, तुझ्याकडं वळवून देतो. तुझा हात वाकडा, दांडी वाकडी. मिटलं!"

मला तर मिस्त्रींचे पाय धरावेसे वाटले. तेवढ्यात बायको म्हणाली, "न्हाई."

"वहिनी, अवो अर्ध्या तासाचं काम."

"दांडी वळवाल भाऊजी. त्यांनी लेकीला उचलायचं म्हणलं तर लेक वळवून द्याल का?"

मिस्त्रींनी पाना खाली ठेवला. "न्हाई," ते म्हणाले, "ते काम आपल्याकडं होत न्हाई."

"मग गाडी ऱ्हाऊ द्या हितं. आमी पुन्याला चाललो. आन् आत्याबाईंना संगं न्यायचं, त्यांच्या कानासकट."

डॉक्टरीणबाईंनी माझा हात पाहिला आणि कपाळाला हात लावला. त्यांचा हात कपाळापर्यंत सहज पोचला, ते मला तेव्हा प्रकर्षानं जाणवलं.

"मी आजींना सांगितलं होतं ना, हाताला आराम द्यायचा नाही म्हणून?"

"बघ!" आई उसळली. "आजबी तेच म्हनती! ऐका समद्यांनी!"

"आजी, तुम्ही किती आराम दिलात?"

"म्या? लई पाडला! तुज्या म्हनण्यानं थांबते व्हय मी?"

पाच मिनिटं दोघी आरामावर भांडल्या, एकमेकींचं अक्षरही न समजता. शेवटी बायकोनं मधे तोंड घातलं, "ताई, तुमच्यात आराम म्हंजे काय?" बाईंनी सांगितलं. आईचा पदर हळूहळू तोंडावर गेला. मग ती एवढंच म्हणाली, "मग तसं मराठीत सांगायचं की गं माय."

बाई चिडल्या नाहीत. स्टूल ओढून आमच्यापुढं बसल्या आणि त्या दिवशी मला जे सांगितलं ते मी नंतर त्या रस्त्यावरच्या प्रत्येक पॅसेंजरला सांगितलं. त्याला ऐकायचं असो वा नसो, उतरता येत नव्हतं. त्या म्हणाल्या, अंग म्हणजे नुसत्या पेशी नव्हेत. पेशींच्या मधल्या जागेत धाग्यांचं एक जाळं असतं. पेशी त्याला धरून असतात, त्यातून त्यांना निरोप मिळतात, कुठं जायचं, केव्हा वाढायचं, केव्हा थांबायचं. भाजलं की ते जाळं जळतं आणि शरीर घाबरून नवं विणायला घेतं, घाईघाईत, जाडजाड धाग्यांनी. ते धागे ओढणाऱ्या पेशीही तिथंच असतात, जखम लहान करायला त्या सगळं आत खेचतात. जखम मिटली तरी कधीकधी त्या थांबत नाहीत.

"पण हे जाळं एकदा विणून सोडून दिलेलं नसतं," त्या म्हणाल्या. "शरीर ते महिनोन्‌महिने उसवतं आणि पुन्हा विणतं. ताण कुठून येतो ते बघून धागे लावतं. तुम्ही शिंप्याला वाकड्या हाताचं माप दिलंत. त्यानं त्या मापाचा सदरा शिवला."

मला ते एकदम कळलं. आपण आयुष्यभर पॅसेंजर बघतो. पण पॅसेंजर ज्याला धरून लोंबकळतात तो दांडा, ते कॅरेज, ती साखळी, ती नसली तर नुसती माणसं रस्त्यावर पडतील. आणि तीच वाकडी झाली, तर माणसं कितीही चांगली असू देत, गाडी खाचरात.

"सरळ होईल का?" बायकोनं विचारलं. तिनं माझ्याकडं पाहिलं नाही.

"वण अजून लाल आहे. म्हणजे विणकाम चालू आहे. आता मनापासून केलं तर होईल. नाहीतर तो भाग कापून दुसरीकडची कातडी लावावी लागेल, आणि त्यानंतरही व्यायाम आहेच."

त्यापुढचे महिने मी नवरा नव्हतो, बायकोच्या हातातलं ओलं धुणं होतो. सकाळी तेल लावून वण चोळायचा. मग ती हात ओढायची, सावकाश, दात-ओठ खाऊन मी शंभर अंकांच्या पुढं शिव्या मोजेपर्यंत. मग डाव्या हातात कळशी लोंबकळत ठेवायची, आधी रिकामी, मग पाव, मग अर्धी. दिवसभर घट्ट ताणपट्टी. झोपताना कोपर सरळ ठेवणारी पन्हळ बांधायची. दवाखान्यातली प्लास्टरची पन्हळ मी पहिल्याच आठवड्यात मोडली, तेव्हा मिस्त्रींनी पाण्याचा प्लास्टिकचा पाइप उभा चिरून, शेकून, माझ्या हाताच्या मापाचा करून दिला. वर नाव कोरलं नाही एवढंच. बाईंनी तो पाहून दोनदा गरम करून पुन्हा सरळ करायला लावला, हात जसजसा उघडत गेला तसा.

आणि आईनं जे केलं ते दवाखान्यातसुद्धा कुणाला सुचलं नसतं. तिनं अख्ख्या वस्तीत, वाटेवरच्या वाड्यांत, नाक्यावर सांगून ठेवलं, ह्याला झोळीत हात घातलेला दिसला की हाकला. मला भेटणारं माणूस 'आराम हाय का' विचारायचं सोडून उलटंच विचारायला लागलं.

"काय, आराम न्हाई ना?"

"आजिबात न्हाई!"

"ब्येस! पडू दिऊ नका!"

परगावची माणसं ऐकून दचकायची. एक पाहुणा तर म्हणाला, ह्या खोऱ्यात माणुसकी उरली न्हाई.

मिस्त्रींनी गाडी दुरुस्त करून अंगणात आणून लावली, दांडी जशी होती तशीच ठेवून. रोज व्यायाम झाला की मी इंजिन बंद ठेवून तीत बसायचो आणि पहिल्या गियरकडं हात न्यायचो. वीतभर अंतर होतं, ते चार बोटांवर आलं. पाऊस झाला, भात लागलं, चार बोटांची दोन झाली. दोनावर येऊन काटा अडकला. आठवडे गेले, दोन ती दोनच. बायको चोळायची, ओढायची. एकदा तेल लावता लावता तिच्या डोळ्यांतलं पाणी माझ्या वणावर पडलं. मी म्हणालो, खारं पाणी चालतं का विचार बाईंना. तिनं असा ओढला हात की माझ्या सात पिढ्या सरळ झाल्या.

भात पोटरीला आलं होतं, लोंब्या अजून पोटात होत्या, त्या दिवसांतली सकाळ. आईला वेल्ह्याच्या बाजाराला जायचं होतं. ती येऊन अंगणातल्या जीपच्या पुढच्या सीटवर बसली, पिशवी मांडीवर, नजर समोर.

"आई, एस्टी हाय ना नाक्यावरनं."

"माज्या लेकाची गाडी हाय."

बायको उंबऱ्यात, पोरगी तिच्या कडेवर. मी किल्ली फिरवली. इतक्या महिन्यांनी ती जीप बोलली आणि कोंबड्या, कुत्री, शेजारी, सगळे बाहेर आले. क्लच दाबला. दांडी धरली, डावीकडं सरकवली, आणि पुढं रेटली. कोपरातली दोरी ताणली. शेवटची दोन बोटं. मी डोळे मिटले.

खट्‌ असा आवाज आला. तो राजगडाच्या बालेकिल्ल्यावर ऐकू गेला, हे मी कुणाशीही पैजेवर सांगायला तयार आहे.

आईनं समोरची नजर काढली नाही. नुसतं विचारलं, "पडला का रं?"

"पडला."

तिनं पदरानं नाक पुसलं आणि म्हणाली, "मग चल, बाजार उठंल."

ती जीप आता नाही, तो रस्ताही नाही. नवा रस्ता इतका गुळगुळीत आहे की त्यावर माणसांना एकमेकांना धरावंच लागत नाही. हात पुरता सरळ झाला नाही, थंडीत अजून थोडा आत ओढतो. पण त्या हातानं लेक उचलली, आणि तिची लेकही. आई गेली त्यालाही बरेच दिवस झाले. त्या सकाळी ती काय विचारत होती, गियर पडला का की आराम पडला, ते मी तिला कधी विचारलं नाही. उत्तर दोन्हीकडं तेच होतं.